आपलाच गडी, आपलाच वैरी?

ऑनलाइन स्पर्धात्मक खेळांत समोरच्या संघापेक्षा आपल्याच संघातल्या गड्याचा राग अधिक येतो, असा अनेक खेळाडूंचा अनुभव असतो. हा राग येतो कुठून, तो डाव कसा बिघडवतो आणि डोके शांत ठेवायचे म्हणजे नेमके करायचे काय, याचा हा आढावा.

रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. घरातले दिवे मालवलेले असतात. एका खोलीत मात्र संगणकाच्या पडद्याचा निळसर उजेड असतो. कानांवर हेडफोन चढवून बसलेला विशी-बाविशीतला एक तरुण गेली पंचवीस मिनिटे जागचा हललेला नाही. त्याच्या संघात पाच जण आहेत. उरलेल्या चौघांना त्याने आयुष्यात कधी पाहिलेले नाही. एखादा जयपूरचा असेल, एखादा कोलंबोचा, एखादा कदाचित त्याच्याच गल्लीतला. त्यांतला एक गडी तिसऱ्यांदा एकटाच पुढे घुसतो आणि मारला जातो. वर हेडफोनमधून त्याचाच आवाज येतो, 'तुम्ही सगळे झोपला होता का?' मग या खोलीतून जो शब्द बाहेर पडतो, तो ऐकून शेजारच्या खोलीतले आई-वडील दचकून जागे होतात.

पुढची दहा मिनिटे डाव चालू राहतो, पण खेळणे थांबलेले असते. पाचांतले दोघे एकमेकांचा उद्धार करण्यात गुंतलेले, तिसरा गप्प झालेला, चौथ्याने जागेवरून उठून जाणेच पसंत केलेले. समोरच्या संघाला जिंकण्यासाठी फारसे काही करावे लागत नाही. डाव संपतो, पण धुसफुस संपत नाही. 'एक शेवटचा' म्हणून पुढचा डाव सुरू होतो आणि पहिल्या डावातला राग दुसऱ्या डावातल्या अनोळखी गड्यांवर निघतो. वड्याचे तेल वांग्यावर काढणे म्हणतात ते हेच.

या खेळांकडे केवळ पोराटोरांचा वेळ घालवण्याचा उद्योग म्हणून पाहण्याचे दिवस मागे पडले आहेत. 'लीग ऑफ लेजेंड्स' (२००९), 'डोटा २' (२०१३) किंवा 'व्हॅलोरंट' (२०२०) या खेळांत पाच-पाच जणांचे दोन संघ परस्परांशी भिडतात. मोबाइलवरच्या 'बीजीएमआय'मध्ये चौघांचा गट असतो. 'पबजी मोबाइल'वर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आल्यानंतर जुलै २०२१ मध्ये हा खेळ आला, २०२२ मध्ये तोही बंद झाला आणि २०२३ मध्ये परतला. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सला क्रीडा क्षेत्रात औपचारिक स्थान दिले. हांगझाऊ येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत या खेळांना प्रथमच पदके होती आणि भारताचे खेळाडूही त्यात उतरले होते.

खेळ मोठा झाला तशी त्यातली कटुताही नजरेत भरू लागली. अमेरिकेतील अँटी-डिफेमेशन लीग या संस्थेने २०१९ मध्ये केलेल्या पाहणीत, ऑनलाइन सांघिक खेळ खेळणाऱ्या प्रौढांपैकी ७४ टक्के लोकांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा त्रास सोसल्याचे सांगितले. मात्र याच पाहणीत ८८ टक्के लोकांनी मैत्री जुळणे, इतरांना मदत करता येणे असे चांगले अनुभवही नोंदवले. म्हणजेच त्रास देणारी माणसे आणि साथ देणारी माणसे अशा दोन वेगळ्या जमाती नसाव्यात. एका मोठ्या कंपनीच्या अभ्यासातून नेमके हेच पुढे आले.

नासका आंबा सापडेना

'लीग ऑफ लेजेंड्स' हा खेळ अमेरिकेतील रायट गेम्स या कंपनीचा. साधारण अर्ध्या तासाचा डाव, पाच अनोळखी गड्यांचा संघ आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याची श्रेणी, असे त्याचे स्वरूप. एकाच्या चुकीची किंमत पाचही जणांना मोजावी लागते. त्यामुळे खेळ लोकप्रिय झाला तसा तो शिवीगाळीसाठीही कुप्रसिद्ध झाला. यावर उपाय म्हणून कंपनीने २०११ मध्ये 'ट्रायब्युनल' नावाची व्यवस्था सुरू केली. ज्याच्याविरुद्ध तक्रारी आल्या, त्याचे डावातले संभाषण इतर खेळाडूंपुढे ठेवायचे आणि त्याला शिक्षा करावी की सोडून द्यावे, यावर त्यांनी मत द्यायचे, अशी ती जणू पंचायतच होती.

त्यानंतर खेळाडूंच्या वर्तनाचा अभ्यास करणारा स्वतंत्र गट कंपनीने उभा केला. मेंदू आणि आकलन या विषयात डॉक्टरेट मिळवलेले जेफ्री लिन त्यात अग्रभागी होते. एक नासका आंबा सगळी अढी नासवतो, तेव्हा असे आंबे वेचून बाहेर काढले की प्रश्न मिटेल, हीच सर्वसाधारण समजूत होती. प्रत्यक्ष नोंदी तपासल्या तेव्हा चित्र वेगळे निघाले. सतत वाईट वागणारे खेळाडू एकूण गैरवर्तनापैकी सुमारे १३ टक्के प्रकारांनाच जबाबदार होते. उरलेले ८७ टक्के प्रकार घडत होते ते एरवी नीट वागणाऱ्या, क्वचित कधीतरी तोल जाणाऱ्या खेळाडूंच्या हातून. कोणाचा दिवस वाईट गेलेला, कोणी आधीचे दोन डाव हरून आलेला. त्याचा तोल सुटला की त्याच्या शब्दांनी दुसऱ्याचा सुटत होता आणि शब्दाने शब्द वाढत पुढच्या डावापर्यंत पोहोचत होता.

मग कंपनीने एक साधा प्रयोग केला. दोन विरोधी संघांना एकमेकांशी बोलण्याची सोय आपोआप सुरू असे, ती आपोआप बंद ठेवली. सोय काढून घेतली नव्हती. हवी असल्यास ती स्वतः सुरू करावी लागे, इतकेच. आठवडाभरात त्या संभाषणातला वाईट भाग ३० टक्क्यांहून अधिक घटला आणि चांगला भाग सुमारे ३५ टक्क्यांनी वाढला. विशेष म्हणजे बोलणाऱ्यांचे एकूण प्रमाण जवळपास पूर्वीइतकेच राहिले. आणखी एका प्रयोगात डाव सुरू होण्यापूर्वी पडद्यावर वेगवेगळ्या सूचना दाखवण्यात आल्या. चूक केलेल्या सहकाऱ्याला धारेवर धरले तर तो आणखी वाईट खेळतो, या आशयाची सूचना लाल अक्षरांत दाखवली तेव्हा अर्वाच्य भाषेचे प्रमाण सुमारे ११ टक्क्यांनी कमी झाले.

या आकड्यांचा अर्थ खेळाडूंसाठी महत्त्वाचा आहे. भडकलेला सहखेळाडू बहुधा मुळातला खलनायक नसतो. तो आपल्यासारखाच असतो आणि त्याची संध्याकाळ बिघडलेली असते. दुसरा अर्थ थोडा अडचणीचा आहे. त्या ८७ टक्क्यांत केव्हा ना केव्हा आपणही असतो.

'टिल्ट' म्हणजे काय?

खेळाडूंच्या बोलण्यात 'टिल्ट' हा शब्द वारंवार येतो. राग डोक्यात गेल्यामुळे निर्णय चुकत जाणे, असा त्याचा अर्थ. शब्द मुळात पिनबॉल या जुन्या यंत्रातला. काचेखाली धावणारा चेंडू हवा तिकडे जात नाही म्हणून वैतागलेला माणूस ते यंत्रच हलवू लागे. त्याला आळा घालण्यासाठी यंत्रात एक तजवीज केलेली असे. यंत्र फार हलले की 'टिल्ट' हा शब्द उजळे, चेंडू टोलवणारी बटणे निकामी होत आणि चेंडू हातचा जाई. पुढे हा शब्द पोकर खेळणाऱ्यांनी उचलला आणि तिथून तो ऑनलाइन खेळांत आला. ज्याने यंत्राला झटका दिला, त्याच्याच हातून बटणे काढून घेतली जातात, हे त्यातले मर्म आजही लागू पडते.

ही बटणे निकामी होतात म्हणजे काय होते? अशा खेळांत एकाच वेळी अनेक गोष्टींवर नजर ठेवावी लागते. कोपऱ्यातला छोटा नकाशा, समोरचा शत्रू, उरलेली ताकद, घड्याळ. माणसाचे लक्ष मर्यादित असते. एकदा राग आला की ते लक्ष शत्रूकडून 'त्या' गड्याकडे वळते. तो आता कुठे गेला, पुन्हा कसा चुकला, याचा पाठपुरावा सुरू होतो. शिवी टाइप करण्यासाठी बोटे कळांवरून उठतात आणि नेमक्या त्याच क्षणी शत्रू समोर येऊन उभा राहतो. पूर्वी एक जण वाईट खेळत होता, आता दोघे खेळू लागतात. अति राग आणि भीक माग, ही म्हण जणू या खेळांसाठीच रचली असावी.

आपला तो बाब्या

राग इतक्या सहज का येतो, याचे उत्तर मानसशास्त्रात सापडते. दुसऱ्याच्या चुकीचे कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि स्वतःच्या चुकीचे कारण परिस्थितीत. लॅग, म्हणजेच संदेशांना लागणारा विलंब, वाढला म्हणून आपण चुकतो. समोरचा मात्र 'नालायक' असतो म्हणून चुकतो. दुसऱ्याच्या बाबतीत परिस्थितीकडे दुर्लक्ष करण्याच्या या प्रवृत्तीला ली रॉस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये 'मूलभूत कारणमीमांसेतील चूक' अशा अर्थाचे नाव दिले. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हे मराठी घरांत त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. सहखेळाडूच्या पडद्यावर काय दिसत होते, त्याचे इंटरनेट तुटत होते का, मागून कोणी हाक मारली का, यांतले काहीही आपल्याला दिसत नाही. दिसते ती फक्त चूक.

त्यात समोरच्याचा चेहराही दिसत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात, इंटरनेटवर माणसाचा संकोच का सुटतो, याची कारणे मांडली. नाव लपलेले असणे, आपण कोणाला न दिसणे, समोरचा माणूस मनातलेच एखादे पात्र वाटू लागणे आणि कोणाचा वचक नसणे, ही त्यांतली काही. गल्लीत क्रिकेट खेळताना झेल सोडणाऱ्याला आपण रागावतो, पण त्याचा पडलेला चेहरा पाहून थांबतो. उद्या पुन्हा त्याच्याच बॅटने खेळायचे असते. ऑनलाइन डावात थांबवणारा तो चेहराही नसतो आणि तो उद्याही नसतो.

ओरडल्याने राग उतरतो?

'मनात ठेवण्यापेक्षा बोलून मोकळे झालेले बरे,' असे पुष्कळांना वाटते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात या समजुतीची परीक्षा घेतली. त्यात ६०० विद्यार्थी सहभागी होते. त्यांच्या निबंधावर कडवट टीका करून त्यांना आधी राग आणला गेला. मग एका गटाला टीका करणाऱ्याचा विचार करत मुष्टियुद्धाच्या सरावाच्या पिशवीवर ठोसे मारायला सांगितले. दुसऱ्या गटाने व्यायामाचा विचार करत ठोसे मारले. तिसरा गट काही न करता नुसता बसून राहिला. त्यानंतर टीका करणाऱ्याला मोठा कर्कश आवाज ऐकवण्याची संधी सर्वांना दिली, तेव्हा सर्वांत जास्त राग पहिल्या गटात आढळला; नुसते बसून राहिलेले सर्वांत कमी आक्रमक ठरले. ज्याचा राग आला त्याला आठवत आदळआपट केली तर राग उतरत नाही, उलट पोसला जातो.

भावनेला नाव देण्याचा उपयोग मात्र होतो, असे मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले. भावना शब्दांत सांगताना मेंदूतला भीती-संतापाशी निगडित 'अमिग्डला' हा भाग कमी सक्रिय झाला. 'हा मूर्ख आहे' असे म्हणणे आणि 'आपल्याला राग आला आहे' असे मनाशी म्हणणे, यांतला फरक म्हणूनच लहान नाही. पहिल्या वाक्यात नजर त्याच्यावर राहते, दुसऱ्यात ती स्वतःकडे येते.

हिशेब काय सांगतो?

'आपल्यालाच असे गडी का मिळतात?' ही आणखी एक सार्वत्रिक तक्रार. इथे साधे गणित कामी येते. पाच विरुद्ध पाच अशा डावात आपल्याखेरीज नऊ जण असतात. त्यांतले चार आपल्या बाजूला, पाच समोर. डाव बिघडवणारा गडी या नऊ जागांपैकी कुठेही येऊ शकतो. आपण स्वतः तसे वागलो नाही, तर तो समोरच्या संघात असण्याची शक्यता नऊत पाच आणि आपल्या संघात असण्याची नऊत चार. एका डावात हा फरक जाणवत नाही. शेकडो डावांत तो शांत माणसाच्या बाजूने झुकतो. आपणच भडकणारे झालो, की हा फायदा आपण आपल्या हाताने समोरच्यांना देऊन टाकतो.

सलग पराभवांचेही तसेच. खेळाडूंच्या जोड्या लावणारी यंत्रणा बुद्धिबळातल्या गुणांकनासारख्या तत्त्वावर चालते. अर्पाद एलो यांची गुणांकन पद्धत जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. ऑनलाइन खेळांतल्या पद्धती तिच्याच नात्यातल्या. दोन्ही संघ तुल्यबळ असावेत, हा तिचा उद्देश. म्हणजे जिंकण्याची शक्यता साधारण निम्मी. निम्म्या शक्यतेने पाच डाव सलग हरण्याची शक्यता ३२ मध्ये १ येते. शंभर डाव खेळणाऱ्याच्या वाट्याला अशी एक तरी मालिका येण्याची शक्यता, ती न येण्यापेक्षा कितीतरी जास्त असते. तो कोणाचा कट नसतो. नाणेही असेच पडते.

डोके शांत ठेवायचे ते कसे?

कारणे समजली तरी ऐन वेळी ती आठवत नाहीत. म्हणून आधी ठरवून ठेवलेल्या थोड्या सवयी अधिक उपयोगी पडतात.

पहिली सवय डाव सुरू होण्यापूर्वीची. उपाशीपोटी, झोप आलेली असताना किंवा कोणाशी भांडून आल्यावर श्रेणीचा डाव खेळू नये. सलग दोन डाव हरल्यावर उठायचे, हा नियम जिंकत असतानाच करून ठेवावा. हरल्यावर केलेला नियम 'एक शेवटचा डाव' या मोहापुढे टिकत नाही.

दुसरी सवय 'म्यूट' करण्याची, आणि तीही लवकर. तिसरी शिवी ऐकल्यावर नव्हे, तर पहिलीच ऐकताच त्या गड्याचा आवाज आणि लिखाण बंद करावे. 'तुला म्यूट करतोय' असे जाहीर करण्याची गरज नाही; ती घोषणाही भांडणाचाच भाग असते. आवाज बंद केला म्हणजे संपर्क तुटला असे नाही. बहुतेक खेळांत 'पिंग'ची, म्हणजे नकाशावर खूण करून इशारा देण्याची सोय असते. २०१९ मध्ये आलेल्या 'एपेक्स लेजेंड्स' या खेळाने ही पद्धत इतकी विकसित केली, की एक शब्दही न बोलता शत्रू कुठे आहे, कुठे जायचे, काय हवे आहे, हे सहकाऱ्यांना सांगता येते. मात्र चिडून त्याच त्या खुणेचा भडिमार करणे ही बिनशब्दांची शिवीगाळच होय.

तिसरी सवय बोलण्याची. झालेल्या चुकीवर बोलू नये. पुढच्या कृतीवर बोलावे. 'डोळे फुटले का तुझे?' या प्रश्नाला उत्तर नसते, फक्त प्रत्युत्तर असते. 'समोरचे दोघे दिसत नाहीत, मागे या' या वाक्यात माहिती असते, सूचना असते आणि कोणाचा अपमान नसतो. एखाद्याने साधी गोष्ट नीट केली तर 'छान' एवढे म्हणायलाही एकच क्षण लागतो. चिडलेला गडी अनेकदा त्या एका शब्दावरही ताळ्यावर येतो. न आला, तरी उरलेले तिघे ऐकत असतात.

चौथी सवय रिकाम्या वेळेची. 'लीग' किंवा 'डोटा'मध्ये पात्र मारले गेले की ते परत येईपर्यंत काही सेकंद हाताला काम नसते. 'व्हॅलोरंट'मध्ये प्रत्येक फेरीपूर्वी शस्त्रे घेण्यासाठी अर्ध्या मिनिटाची उसंत असते. शिव्या टाइप होतात त्या याच वेळेत. तोच वेळ हात मांडीवर ठेवून, दोन दीर्घ श्वास घेऊन, 'पुढे काय करायचे?' एवढाच प्रश्न स्वतःला विचारण्यासाठी वापरावा.

पाचवी सवय डाव संपल्यानंतरची. तक्रार करण्यासारखे काही घडले असेल तर ती करावी आणि विषय सोडून द्यावा. डावाचे चित्रण पुन्हा पाहायचे असेल, तर ते दुसऱ्या दिवशी आणि फक्त स्वतःच्या चुका शोधण्यासाठी पाहावे. दुसऱ्याच्या चुका पाहून आपली श्रेणी सुधारत नाही.

मोठ्या मंचावरचा धडा

ही केवळ हौशी खेळाडूंपुरती गोष्ट नाही. 'काउंटर-स्ट्राइक' खेळणारा डेन्मार्कचा अस्ट्रालिस हा संघ ऐन मोक्याच्या क्षणी कच खातो, असे म्हटले जाई. या संघाने २०१६ मध्ये फिनलंडच्या क्रीडा मानसशास्त्रज्ञ मिया स्टेलबर्ग यांची मदत घेतली. जानेवारी २०१७ मध्ये अटलांटा येथे त्याने आपली पहिली प्रमुख स्पर्धा जिंकली आणि २०१९ अखेरपर्यंत अशा चार स्पर्धा त्याच्या नावावर जमा झाल्या.

'डोटा २'मधील ओजी या संघाची कहाणी आणखी बोलकी आहे. 'द इंटरनॅशनल' ही या खेळातली सर्वांत मोठी वार्षिक स्पर्धा. २०१८ च्या स्पर्धेला अवघे काही महिने उरले असताना ओजीचे दोन खेळाडू संघ सोडून गेले. प्रशिक्षक सेबास्तियन देब्स यांनाच खेळाडू म्हणून उतरावे लागले. जवळपास वर्षभर बाजूला राहिलेला अनाथन फाम परत आला. सोबतीला मोठ्या मंचाचा अनुभव नसलेला एक तरुण फिन्निश खेळाडू होता. खुल्या पात्रता फेरीतून आलेल्या या संघाने ऑगस्ट २०१८ मध्ये व्हँकुव्हर येथे अंतिम सामन्यात १-२ अशा पिछाडीवरून पीएसजी.एलजीडी या चिनी संघाला ३-२ असे हरवले. पुढच्या वर्षी शांघायमध्ये त्यांनी तीच स्पर्धा पुन्हा जिंकली. ती दोनदा जिंकणारा तो पहिला संघ ठरला. संघातले वातावरण निखळ राखण्यावर आणि चुकलेल्याला सावरून घेण्यावर त्यांचा भर राहिला. केवळ गोड बोलून स्पर्धा जिंकता येत नाहीत, हे खरेच. त्यासाठी अंगी कसबही असावे लागते. पण असलेले कसब पाचांच्याही हातून उतरायचे असेल, तर पाचांपैकी कोणालाही आपल्याच माणसाची भीती वाटून चालत नाही.

सोसण्याला मर्यादा

शांत राहणे म्हणजे सारे काही मुकाट्याने सहन करणे नव्हे. हरल्याच्या चिडीतून निघालेला शब्द वेगळा. जात, धर्म, प्रांत किंवा स्त्री असणे यांवरून केलेली शेरेबाजी वेगळी. आणि घरापर्यंत येण्याची धमकी तर त्याहून वेगळी. आवाज ऐकून मुलगी आहे हे कळताच सुरू होणाऱ्या त्रासामुळे अनेक मुली माइक बंद ठेवूनच खेळतात आणि त्यामुळे संघाशी बोलण्याचा खेळाडूचा साधा हक्कच त्यांना सोडून द्यावा लागतो. अशा वेळी पडद्याचे चित्र जपून ठेवणे, खेळातल्या सोयीने तक्रार करणे आणि प्रकरण धमकीपर्यंत किंवा पाठलागापर्यंत गेले असेल तर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर किंवा पोलिसांकडे जाणे, हाच योग्य मार्ग. कंपन्याही आता केवळ लिखाणावर थांबलेल्या नाहीत. तक्रारींच्या तपासासाठी आवाजी संभाषण ध्वनिमुद्रित करता यावे, यासाठी रायट गेम्सने २०२१ मध्ये आपल्या धोरणात बदल केला. संघात असा प्रकार दुसऱ्या कोणाशी घडत असेल, तर उरलेल्यांनी 'हे बंद कर' असे एकदा स्पष्ट म्हणणे आणि तक्रार नोंदवणे, हाही खेळभावनेचाच भाग आहे.

घरच्यांनीही एक गोष्ट जाणून घेण्यासारखी आहे. हे डाव मध्येच थांबवता येत नाहीत. 'आत्ताच्या आत्ता बंद कर' म्हणून संगणक बंद केला, तर उरलेले चौघे एका गड्याने उणे होतात आणि सोडून जाणाऱ्याला खेळाच्या नियमांनुसार दंडही होतो. त्या क्षणी दुसऱ्या कोणाच्या तरी घरात 'पळपुटा सहखेळाडू' म्हणून आपल्याच मुलाचा उद्धार होत असतो. त्याऐवजी 'किती वेळ राहिला?' असे विचारावे आणि 'हा डाव संपला की उठायचे' हे डाव सुरू होण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. आरडाओरडीबद्दल बोलायचे असेल तर ते दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या वेळी बोलावे. हेडफोन चढवलेल्या, नुकत्याच हरलेल्या माणसाला केलेला उपदेश पालथ्या घड्यावरचे पाणीच ठरतो.

रात्री साडेअकराच्या त्या खोलीत तो एकटाच पुढे घुसणारा गडी उद्याही असेल. नाव वेगळे असेल, गाव वेगळे असेल. त्याला बदलणे कोणाच्याच हातात नाही. त्याचा आवाज एका बटणाने बंद करणे, नकाशाकडे पुन्हा नजर वळवणे आणि दोन डाव हरल्यावर दिवा मालवून झोपणे, एवढे मात्र प्रत्येकाच्या हातात असते. आणि एखाद्या रात्री तो पुढे घुसणारा गडी आपणच असू, तेव्हा उरलेल्या चौघांपैकी कोणीतरी 'असू दे, पुढचे बघू' म्हणावे, असे आपल्यालाही वाटणारच असते.